वेलीचा विस्तव

स्पेनच्या उत्तरेला एब्रो नदीच्या काठी रिओहा नावाचा मुलूख आहे. हिवाळ्यात द्राक्षवेलींची छाटणी झाली की तेथला शेतकरी काड्यांच्या मोळ्या बांधून ठेवतो. त्याच काड्यांच्या निखाऱ्यावर कोवळ्या कोकराच्या चांपा भाजायच्या, वर नुसते मीठ घालायचे, आणि सोबतीला त्याच वेलींचे तांबडे मद्य. वेलच जळण नि वेलच पेय! मी शाळामास्तर, मद्याची चव सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण या ताटाचा इतिहास मात्र सांगण्याजोगा आहे.

मद्य येथे फार जुने. तेराव्या शतकात गोंथालो दे बेर्थेओ या कवीने आपल्या काव्याचा मोबदला म्हणून पेलाभर चांगले मद्य मागितले होते. (मराठी लेखकाला ही मागणी फारशी वावगी वाटणार नाही.) तरीही आज जगभर ज्याला रिओहा म्हणतात, त्याची भरभराट शेजाऱ्याच्या आपत्तीतून झाली.

१८६३च्या सुमारास दक्षिण फ्रान्समधले मळे सुकू लागले. अमेरिकेहून हौसेने आणलेल्या वेलींबरोबर फिलोक्सेरा नावाची उवेपेक्षाही बारीक कीड आली होती. ती मुळांतला रस शोषून घेई. पाहता पाहता फ्रान्सचे मळे ओस पडत चालले आणि बोर्दोचे व्यापारी मद्याच्या शोधात पिरेनीज ओलांडून आले. ओकच्या लहान पिपांत मद्य मुरवण्याची बोर्दोची रीत रिओहात काही खटपट्या मंडळींनी आधीच आणलेली होती. आता तिला गिऱ्हाईक मिळाले. आरो गावी रेल्वे होती. स्थानकाला लागून १८७७, १८७९, १८९० अशा एकामागून एक मोठ्या मद्यशाळा उभ्या राहिल्या. गावात पैसा खुळखुळू लागला.

कीड मात्र डोंगर ओलांडणारच होती. दरम्यान इलाजही सापडला होता: या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन वेलीच्या खुंटावर आपल्या वेलीचे कलम बांधायचे. पण जो वेल आज सोने देतो आहे, तो हाताने उपटून कोण टाकील? मला त्या शेतकऱ्यांना नावे ठेववत नाहीत. १८९९ साली फिलोक्सेरा रिओहात पोहोचली. फ्रेंच व्यापारी तोवर आपल्या नव्या मळ्यांकडे परतू लागले होते. द्राक्षांवर जगणारी कितीतरी कुटुंबे घरदार सोडून दक्षिण अमेरिकेच्या वाटेला लागली.

जे मागे राहिले त्यांनी खुंट लावले, कलमे बांधली. आज तेंप्रानीयो ही तेथली मानाची जात बहुतेक ठिकाणी अमेरिकन मुळांवरच उभी आहे. आपल्या नाशिक-सांगलीच्या बागाइतदारालाही हे नवल वाटणार नाही; तो लावतो तो डॉगरीजचा खुंटही मूळचा अमेरिकेचाच. मौज अशी की रिओहाची पिपेसुद्धा परंपरेने अमेरिकन ओकची. मद्याला व्हॅनिलासारखा मंद गंध येतो तो त्या लाकडाचा.

आणि ताट? चांपा झाल्या सणासुदीच्या. रोजचे खाणे म्हणजे बटाट्याचा रस्सा. त्यात वाळलेल्या तांबड्या मिरचीचा गर आणि चोरिसोचे तुकडे असतात. हा चोरिसो म्हणजे आपल्या गोव्याच्या चोरीसाचा मावसभाऊ. बटाटा नि मिरची दोन्ही कोलंबसानंतर अमेरिकेहून आलेली. पोर्तुगिजांनी तीच आपल्या किनाऱ्याला उतरवली, म्हणून त्यांचा 'पताता' आणि आपला बटाटा नावानेही जवळचे.

या रश्श्यासाठी बटाटा सुरीने पुरता कापीत नाहीत. अर्धा कापायचा नि उरलेला मोडायचा. म्हणजे त्यातले पीठ सुटून रस दाट होतो. त्याच्या जोडीला पाच वर्षे मुरवलेले 'ग्रान रेसेर्वा' कशाला हवे! ते पाहुण्यांसाठी आणि सावकाश भाजलेल्या कोकरासाठी राखून ठेवावे. रश्श्याबरोबर वर्षभर पिपात राहिलेले साधे 'क्रियान्सा' पुरते.