आठ कामांची चार कामे : रुबिक क्यूबच्या वेगाचा इतिहास

१/८
५ जून १९८२, बुडापेस्ट. रुबिक क्यूबच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेच्या मिन्ह थाय याने २२.९५ सेकंदांत क्यूब सोडवून विजेतेपद मिळवले. नवशिक्याला त्याच कामी कित्येक मिनिटे लागतात. हा फरक केवळ बोटांच्या चपळाईचा नव्हे. #धागा

२/८
हंगेरीच्या एर्नो रुबिक यांनी १९७४ मध्ये घडवलेल्या या ठोकळ्याच्या रचना ४३ वर १८ शून्ये याहूनही अधिक आहेत. नुसते फिरवत राहून तो सुटणे जवळजवळ अशक्य. रीत हवीच.

३/८
नवशिक्याची रीत थरांची. तळाचा क्रॉस झाल्यावर पहिल्या थराचे चार कोपरे एकेक करून बसवायचे, मग मधल्या थराच्या चार कडा. म्हणजे आठ स्वतंत्र कामे.

४/८
१९८१ च्या सुमारास नेदरलँड्सच्या रेने स्खोफ यांच्या नावे नोंदवलेली युक्ती अशी : कोपरा आणि त्याच्या शेजारची कडा यांची वरच्या थरातच जोडी जमवावी आणि ती एकदम खाली उतरवावी. आठ कामांची चार झाली. हेच आजचे एफ-टू-एल.

५/८
बुडापेस्टला दुसरा आलेला गुस राझू शुल्ट्झ हाही डच, आणि याच मार्गाचा. चेकोस्लोव्हाकियाच्या जेसिका फ्रिड्रिख यांनी शेवटच्या थराची दोन पावले पूर्णत्वास नेली : रंग वर आणण्याचे ५७ अल्गोरिदम, जागा बदलण्याचे २१.

६/८
पुढे क्यूबची लाट ओसरली. दुसरी जागतिक स्पर्धा व्हायला २१ वर्षे लागली. दरम्यान, १९९७ मध्ये फ्रिड्रिख यांनी आपली पद्धत इंटरनेटवर ठेवली. विस्मरणात चाललेली विद्या नव्या पिढीच्या हाती आली. २००३ च्या टोरांटो स्पर्धेत त्या स्वतः दुसऱ्या आल्या.

७/८
आजचा अभ्यासकही त्याच क्रमाने चढतो. आधी जोड्या, मग शेवटच्या थराचे निवडक १६ अल्गोरिदम, आणि सवडीने पूर्ण ७८. एक जोडी बसत असताना डोळे पुढची शोधत असतात. म्हणूनच सरावात हात मुद्दाम सावकाश चालवतात. थबकणे टळले की वेळ आपोआप उतरते.

८/८
या पद्धतीला अनेकजण 'फ्रिड्रिख पद्धत' म्हणतात. परंतु तिची पावले वेगवेगळ्या देशांतील वेगवेगळ्या हातांनी टाकली आहेत. ज्याने लिहून सर्वांसाठी खुले केले, त्याचे नाव उरले. इतिहासात असे वारंवार घडते. म्हणून नावामागची माणसेही शोधावीत.