डब्यातले तीन बिल्ले

शनिवारी सकाळी चहा पुढ्यात घेऊन बसलो होतो, तेवढ्यात दार वाजलं. शेजारच्या आजी. हातात कॉफीचा जुना पत्र्याचा डबा. आत स्क्रू, वॉशर, दोन-चार गंजलेल्या स्प्रिंगा. डबा टेबलावर ठेवून म्हणाल्या, "तू गाड्यांच्या कंपनीत आहेस ना? मग यातलं आमचं काय आहे ते तूच सांग."

आता मी गाड्यांच्या कंपनीत आहे हे खरं, पण माझं काम सॉफ्टवेअरचं. कार्बुरेटरशी माझा संबंध आला तो लहानपणी, वडिलांच्या स्कूटरपुरता. दर दोन-तीन महिन्यांनी जेटमध्ये कचरा अडकायचा, वडील तो काढून फुंकायचे आणि मी शेजारी पेट्रोलची वाटी धरून उभा असायचो. एवढंच शिक्षण. पण डेट्रॉईटजवळ पंधरा वर्षं राहिल्यावर जुन्या गाड्यांचं वारं थोडंफार लागतंच. आणि या आजींचं घर म्हणजे आमचं इथलं पहिलं घरोब्याचं घर, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्न नव्हता.

झालं होतं असं. आजींचे यजमान वारले आणि मागे गॅरेजमध्ये त्यांची १९६९ ची प्लिमथ रोडरनर राहिली. म्हातारबुवा लिंच रोडच्या क्रायस्लर कारखान्यात रंगखात्यात होते आणि ही गाडी त्याच कारखान्यातून बाहेर पडलेली. (तो कारखाना १९८१ मध्ये बंद झाला.) आजींना आता गाडी विकायची होती. बघायला आलेल्या गिऱ्हाइकाने सोबत एक जाणकार आणला. त्याने तासभर गाडीखाली लोळून, बॅटरी घेऊन सगळे आकडे तपासले आणि शेवटी कार्बुरेटरवर बोट ठेवलं. "याचा टॅग नाही. हा मूळचा कशावरून?" आणि किंमत खाली.

मंडळी, हा टॅग म्हणजे काय ते आधी सांगतो. अंगठ्याएवढा पत्र्याचा तुकडा. आपल्याकडे स्टेशनवरच्या हमालाच्या दंडावर बिल्ला असतो ना, तसा कार्बुरेटरचा बिल्ला. वरच्या झाकणाच्या एखाद्या स्क्रूखाली तो अडकवलेला असतो. त्यावर दोन गोष्टी ठोकलेल्या : मॉडेलचा नंबर आणि तारखेची खूण. कार्टर कंपनीच्या बिल्ल्यावर चार आकडे आणि मागे 'एस' असा नंबर, आणि तारखेसाठी एक अक्षर नि एक आकडा. अक्षर महिन्याचं, आकडा वर्षाचा. ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी... पण आय हे अक्षर गाळलेलं, कारण ते एकच्या आकड्यासारखं दिसतं. त्यामुळे डिसेंबर हा एल न होता एम होतो. दशक लिहायची पद्धतच नाही. ज्याच्या हातात कार्बुरेटर आहे त्याला दशक ठाऊक असणारच, असा साधा हिशोब.

सगळ्याच कंपन्या असं करत नसत. हॉली आपला लिस्ट नंबर कार्बुरेटरच्या अंगावरच ठोकायची आणि त्याखाली तीन खुणांची तारीख : वर्ष, महिना, महिन्यातला आठवडा. रोचेस्टरच्या क्वाड्राजेटवर १९६५ ते ६७ च्या सुमारास बाजूला एक गोल चकती बसवलेली असे, नंतर नंबर थेट ओतीव धातूवर आला. फोर्डच्या गाड्यांवर पुन्हा स्क्रूखालचा बिल्लाच. त्यावर सी-९ असं काही दिसलं की सी म्हणजे साठचं दशक आणि नऊ म्हणजे वर्ष. अंगावर ठोकलेला नंबर कार्बुरेटरबरोबरच राहतो. बिल्ल्याचं तसं नाही. कार्बुरेटर उघडायचा तर तो स्क्रू काढावाच लागतो, आणि स्क्रू काढला की बिल्ला हातात. मग तो जातो खिशात, डब्यात, नाहीतर केरात. त्या काळच्या चौथ्या-पाचव्या मालकाला त्याचं काय कौतुक असणार? आणि बहुतेक जुन्या कार्टरवर तो नंबर दुसरीकडे कुठेच नाही. बिल्ला गेला की कार्बुरेटर बेवारस.

गंमत अशी की हा बिल्ला कधी दाखला म्हणून बनवलाच नव्हता. तो होता मेकॅनिकसाठी. १९६९ च्या त्या ३८३ घनइंच इंजिनावर कार्टरचा एव्हीएस नावाचा चार घशांचा कार्बुरेटर येई. पण हाताने गिअर टाकायच्या गाडीचा वेगळा आणि ऑटोमॅटिकचा वेगळा. दिसायला जुळे भाऊ. फरक आतल्या सेटिंगमध्ये. त्यात धुराचे कायदे आले. कॅलिफोर्नियात १९६६ च्या मॉडेलांपासून आणि देशभर १९६८ पासून. मग आणखी नंबर वाढले. दुकानात जाऊन गॅस्केटचा किट मागायचा तर काउंटरवरचा माणूस आधी विचारणार, बिल्ल्यावर काय लिहिलंय? तेवढ्यासाठी ही सगळी खटपट. पन्नास वर्षांनी कुणी भिंग घेऊन तो वाचेल आणि त्यावरून हजारो डॉलर वरखाली होतील, हे तो ठोकणाऱ्या कामगाराच्या स्वप्नातही आलं नसेल.

आणि ज्या गाड्यांसाठी हे चाललंय त्या तरी कुठे श्रीमंतांच्या होत्या? रोडरनर १९६८ मध्ये आली तीच मुळी स्वस्तातली जोरदार गाडी म्हणून. सुरुवातीची किंमत २,८९६ डॉलर. आत काही चैन नाही, साधी आसनं, पण पुढे ३३५ अश्वशक्तीचं इंजिन. कार्टूनमधल्या त्या पळणाऱ्या पक्ष्याचं नाव आणि चित्र वापरायला प्लिमथने वॉर्नर ब्रदर्सना ५०,००० डॉलर दिले आणि गाडीला त्याच्यासारखाच 'बीप बीप' करणारा भोंगा लावला. कारखान्यातल्या रंगाऱ्यालाही हप्त्याने परवडेल अशी गाडी. पुढे विम्याचे दर, धुराचे कायदे आणि १९७३ चं तेलसंकट यांनी हा सगळा खेळच आटोपला. उरलेल्या गाड्या आधी भंगार झाल्या, मग जुन्या झाल्या आणि मग 'क्लासिक' झाल्या. याच कंपनीची १९७१ ची एक हेमी कूडा, उघड्या टपाची, २०१४ मध्ये सिॲटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. असे आकडे दिसायला लागल्यावर अंगठ्याएवढ्या पत्र्याला भाव येणारच.

असो. डब्याकडे येतो.

डबा वर्तमानपत्रावर उपडा केला. स्क्रूंच्या ढिगातून एक नाही, चक्क तीन बिल्ले निघाले. आजींचा चेहरा उजळला. मी रॉकेल लावून ते पुसले आणि वाचायला बसलो. सोबत क्रायस्लरची जुन्या भागांची यादी आणि गाडीच्या फेंडरवरची पाटी. त्या पाटीवर ठरलेली बांधणीची तारीख असते. ती होती फेब्रुवारी १९६९.

पहिला बिल्ला दोन घशांच्या कार्बुरेटरचा. रोडरनरवर तो येतच नव्हता. बाजूला ठेवला.

दुसऱ्यावर एम-८. डिसेंबर १९६८. फेब्रुवारीच्या गाडीला डिसेंबरचा कार्बुरेटर म्हणजे अगदी बरोबर, मालगाडी नि गोदामातला वेळ धरून. मी आनंदाने नंबर यादीत शोधला. तो निघाला ऑटोमॅटिकचा. आणि आजींची गाडी चार गिअरची.

तिसऱ्याचा नंबर तंतोतंत जुळला. ३८३, हाताचे गिअर, १९६९. पण तारीख सी-९. मार्च. गाडी फेब्रुवारीत बाहेर पडलेली आणि कार्बुरेटर मार्चमध्ये जन्मलेला!

म्हणजे एकाची तारीख बरोबर, नंबर चूक. दुसऱ्याचा नंबर बरोबर, तारीख चूक.

इथे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. १९६८ पासून इंजिनावर आणि गिअरबॉक्सवर गाडीच्या नंबरचे शेवटचे आकडे ठोकले जाऊ लागले. त्यामुळे हे इंजिन याच गाडीचं, असं छातीठोकपणे सांगता येतं. कार्बुरेटरला तसं काहीच नाही. बिल्ला 'हा नव्हे' असं खात्रीने सांगू शकतो, 'हाच तो' असं कधीच सांगू शकत नाही. दोन्ही गोष्टी जुळल्या तरी तो फार तर 'असू शकेल' म्हणतो. पण बाजारात त्या 'असू शकेल'चीच किंमत मोजली जाते.

मी त्या जाणकाराला फोन केला. माणूस वाईट नव्हता. हसला आणि म्हणाला, कोरे बिल्ले मिळतात, हवा तो नंबर नि हवी ती तारीख ठोकून देतात, थोडा घासून घ्या म्हणजे जुना दिसेल. खरंच मिळतात. पूर्वी बिल्ला हरवलेल्या लोकांची सोय म्हणून सुरू झालेला धंदा आहे तो. खोटं कशाला बोलू, मीही दोन दिवस त्यावर विचार केला. बरोबर नंबर, डिसेंबरची तारीख. आजींना चार पैसे जास्त मिळतील, कुणाचं काय बिघडतंय? बिल्ला आजींचा, गाडी आजींची.

त्या दोन रात्री मी काय केलं तर कार्टर कंपनीबद्दल वाचत बसलो. सेंट लुईसमधली कंपनी. मुख्य कारखाना उत्तर भागात, स्पोर्ट्समन्स पार्क या बेसबॉलच्या मैदानासमोर. १९६६ पर्यंत कार्डिनल्स तिथे खेळायचे. तिथून लाखो कार्बुरेटर बाहेर पडले. १९८४ मध्ये कारखाना बंद झाला. मागे राहिलं ते विष. ओतकामाच्या यंत्रांतल्या तेलात पीसीबी नावाचं घातक रसायन होतं, ते जमिनीत आणि भिंतींत मुरलं होतं. भोवती वस्ती, समोर मैदानाच्या जागी मुलांचा क्लब. साफसफाईचा पक्का करार व्हायला २०१३ उजाडलं आणि मग इमारती पाडल्या गेल्या. इथे आपण बिल्ल्यावरचं अक्षर एम की एल यावर डोळे फोडतोय, आणि तो जिथे बहुधा ठोकला गेला तिथली माती खरवडून न्यावी लागली. याचा आजींच्या गाडीशी काही संबंध नाही, हे मलाही कळतं. पण वाचल्यानंतर मला नवा बिल्ला मागवावासा वाटेना.

सोमवारी संध्याकाळी आजींकडे गेलो आणि दोन्ही बिल्ले त्यांच्यापुढे ठेवले. नंबर, तारीख, सगळं समजावलं. मार्चचा म्हटल्यावर त्या थांबल्या. मग हसायलाच लागल्या.

"अरे, तो मोडला होता ना त्याने! नवी गाडी, पहिलाच उन्हाळा. मित्रासमोर ऐट दाखवायला कार्बुरेटर काढला आणि बसवताना नट इतका पिळला की त्याचा कानच तुटला. दोन आठवडे बसने कामाला जात होता. माझ्या वडिलांकडून पैसे उसने घेऊन नवा आणला, आणि वर मला ताकीद, कुणाला सांगायचं नाही."

ॲल्युमिनियमचा कान. नट जास्त पिळला की तुटतोच. म्हणजे १९६९ च्या उन्हाळ्यात भागांच्या काउंटरवरून घेतलेला, मार्चमध्ये बनलेला, बरोबर नंबरचा कार्बुरेटर. मूळ बिल्ला त्या मोडक्या कार्बुरेटरबरोबर कधीच गेला. डिसेंबरचा तो ऑटोमॅटिकवाला बहुधा त्या मित्राच्या गाडीचा, कारण त्याचीही दुरुस्ती याच गॅरेजात व्हायची. खात्री करायला मी कार्बुरेटर उघडून आतल्या मीटरिंग रॉडवरचे बारीक आकडेही पाहिले. ते हाताच्या गिअरच्या यादीशी जुळले.

मी आजींना कोऱ्या बिल्ल्यांबद्दल सांगितलं. लपवून काय करणार? त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती फरक पडेल?" मी आकडा सांगितला. कमी नव्हता. त्या जरा वेळ गप्प बसल्या, मग उठून कॉफी करायला गेल्या. आतूनच म्हणाल्या, "मार्चचाच लाव. पैसे माझ्या वडिलांचे होते."

दुसऱ्या दिवशी मी सी-९ चा बिल्ला झाकणाच्या स्क्रूखाली बसवला. स्क्रू पिळताना हात जरा जपूनच चालवला. आजींनी एका कागदावर सगळी हकिकत चार ओळींत लिहून सही केली आणि तो कागद गाडीच्या कागदांत ठेवला. पहिलं गिऱ्हाईक परत आलं नाही. महिन्याभराने ओहायोहून एक जोडपं आलं. त्यांनी कागद वाचला, दोघं हसली, आणि भाव मात्र त्यांनीही पाडलाच. गाडी ट्रेलरवर चढवताना आजींनी शेवटचा भोंगा वाजवला. बीप बीप.

डिसेंबरचा बिल्ला माझ्याकडे आहे, टेबलाच्या खणात. कुणाची १९६९ ची ऑटोमॅटिक ३८३ असेल आणि म्हातारबुवांच्या त्या मित्राशी तिचा धागा जुळत असेल तर कळवा, पाठवून देईन.