ॲक्रनचा टेलिफोन आणि फुलांची खोली

आपल्या धर्मग्रामांत दारूविरुद्ध प्रवचने पुष्कळ होतात. पण दारू सोडू पाहणाऱ्याने कोणाचे दार ठोठवावे, हे क्वचितच सांगितले जाते. घरची माणसे लाजेने गप्प बसतात आणि शेजारी भिडेने. असे दार पहिल्यांदा कोणी व कसे शोधले, त्याची हकीकत म्हणूनच वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

१९३५ चा मे महिना. अमेरिकेतील ओहायो राज्यातले ॲक्रन हे टायरच्या कारखान्यांचे शहर. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात उमेदीची वर्षे घालवलेले बिल विल्सन एका कंपनीच्या ताब्याच्या झगड्यासाठी तेथे आले होते. डाव फसला. दारू सुटून जेमतेम पाच महिने झालेले. मेफ्लॉवर हॉटेलच्या दालनात एकीकडून मद्यालयातील हास्यविनोद कानी येत होता. दुसरीकडे टेलिफोनजवळ शहरातील चर्चची यादी लावलेली होती. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी कित्येक मद्यपींना उपदेश केला होता आणि त्यांतला एकही सुधारला नव्हता. मात्र त्या खटपटीत आपण स्वतः प्यालो नाही, हे त्यांना त्या घटकेला उमगले. आता त्यांना गरज होती ती दुसऱ्या एका मद्यपीची!

त्यांनी टेलिफोन उचलला. एपिस्कोपल पंथाचे धर्मगुरू वॉल्टर टंक्स यांनी काही नावे दिली. एकामागून एक फोन व्यर्थ गेले आणि अखेरीस हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत धागा पोहोचला. त्यांच्या ओळखीचे शल्यविशारद डॉ. रॉबर्ट स्मिथ दारूपायी बुडत चालले होते. आदल्याच दिवशी ते पत्नीसाठी फुलझाडाची कुंडी घेऊन झिंगत घरी आले होते. १२ मे रोजी, मातृदिनी, पंधरा मिनिटांपेक्षा अधिक थांबणार नाही या अटीवर ते भेटीला आले आणि सहा तासांनी उठले. विल्सन यांनी उपदेश केला नाही. स्वतःची कहाणी सांगितली. मध्यंतरी डॉक्टरांचा पाय एकदा घसरला. त्यांनी शेवटचा घोट घेतला तो दिवस, १० जून १९३५, ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’चा स्थापनादिन मानला जातो.

आरंभी ही मंडळी ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ या प्रॉटेस्टंट वळणाच्या चळवळीत जमत. क्लीव्हलँडहून येणाऱ्यांत काही कॅथलिक होते. तेथे चारचौघांत दोषांची कबुली द्यावी लागे. पापनिवेदन संस्कार मानणाऱ्यांना हे कसे चालावे? त्यांच्या धर्मगुरूंनी हरकत घेतली. तेव्हा मे १९३९ मध्ये क्लीव्हलँडकरांनी आपली सभा वेगळी केली आणि महिन्यापूर्वीच प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचे नाव तिला दिले: अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे अनामिक मद्यासक्त. त्या नावाने भरलेली ही पहिली सभा. धर्मगुरूंच्या सोवळेपणावर आपण एरवी टीका करतो. येथे मात्र त्याच सोवळेपणामुळे सर्व धर्मांच्या माणसांना वाट मोकळी झाली.

त्या काळी दारुड्याला इस्पितळात खाट मिळणे दुरापास्त होते. ॲक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयात प्रवेशनोंदणीचे काम सिस्टर इग्नेशिया पाहत. मूळच्या आयर्लंडच्या आणि संगीतशिक्षिका असलेल्या या नाजूक प्रकृतीच्या भगिनीला स्वतःला मज्जाविकाराने ग्रासले होते. खचणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. ऑगस्ट १९३९ मध्ये डॉ. स्मिथ यांच्या विनंतीवरून त्यांनी एका मद्यपीला दाखल करून घेतले आणि नोंदवहीत रोग लिहिला, ‘जठराचा तीव्र दाह’. भेटीला येणाऱ्या सोबत्यांशी त्याला एकांतात बोलता यावे, म्हणून त्याची खाट हलवली ती रुग्णांची फुले रचण्याच्या खोलीत. ही नोंद खोटी होती का? निवाडा मी वाचकांवर सोपवतो. पुढे त्या रुग्णालयात रीतसर कक्ष झाला. घरी जाणाऱ्या रुग्णाला सिस्टर येशूच्या पवित्र हृदयाचे पदक देत; पुन्हा प्यावेसे वाटले, तर प्याला उचलण्यापूर्वी ते परत आणून द्यायचे, एवढाच करार. १९५२ मध्ये त्यांनी क्लीव्हलँडला ‘रोझरी हॉल’ सुरू केला. १९६६ मध्ये त्या निवर्तल्या.

हे लोण १९५७ च्या सुमारास मुंबईला पोहोचले, तेव्हा येथे दारूबंदीचा कायदा होता! परवाना नसलेल्याला बाटली बाळगणेही गुन्हा, तरी चोरट्या गुत्त्यांना तोटा नव्हता. त्यामुळे अशा गटाची गरज बंदीच्या शहरातही होतीच. पुढे कित्येक चर्च व शाळांच्या वर्गखोल्या संध्याकाळी या सभांसाठी उघडल्या. १९८१ मध्ये फादर ज्यो परेरा यांनी वांद्र्याला ‘कृपा फाउंडेशन’ स्थापन केले. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांचे ‘मुक्तांगण’ उभे राहिले.

या सभेला वर्गणी नाही आणि नोंदवही नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच पात्रता. आडनाव कोणी विचारत नाही. विल्सन यांच्या पत्नी लॉइस यांनी १९५१ मध्ये कुटुंबीयांसाठी ‘अल-अनॉन’ उभारले. घरचा माणूस अजून पीत असला, तरी त्याच्या पत्नीने किंवा आईने त्याच्यासाठी थांबावे लागत नाही. तिला तेथे एकटीने जाता येते.