एसटीचा माणूस नेमका कुणाचा?

लाल गाडीची काच फुटली, सीट फाटलं की आपण लगेच फोटो टाकतो. टाकावाच. पण त्याच गाडीत खाकी घालून उभ्या असलेल्या माणसाचं काय काय गेलं, त्याचा फोटो निघत नाही. म्हणून आज थोडा इतिहास.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढं १९५० चा मार्ग परिवहन महामंडळाचा कायदा आला आणि एसटीचं महामंडळ झालं. खरी मेख इथंच आहे. तिकिटात कुणाला सवलत द्यायची हे मंत्रालयात ठरतं. भाडं वाढवायचं तरी महामंडळाला मनाने वाढवता येत नाही. पण चालक-वाहक मात्र सरकारचा नोकर नाही, महामंडळाचा. त्याला वेतन आयोग नाही. चार-चार वर्षांचा वेतनकरार होईल तेव्हा, होईल तेवढा.

'पोरगं एसटीत चिकटलं' म्हटलं की एकेकाळी घरी स्थळं चालून यायची. मग रस्त्यावर वडाप आलं, खासगी गाड्या आल्या. तोटा वाढला तसा तो हळूहळू कामगाराच्या अंगावर आला. मास्तर आणि पाटबंधारेचा कारकून आयोगावर आयोग घेत पुढं गेले, मुक्कामी गाडीत अंग टाकणारा वाहक मागंच राहिला.

हा राग एका दिवसात पेटलेला नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये ऐन दिवाळीत चार दिवस गाड्या उभ्या राहिल्या. मागणी सातव्या आयोगाची होती. जून २०१८ मध्ये पुन्हा दोन दिवस चाकं थांबली. मग कोरोना आला. परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत पोचवणारे हेच लोक, आणि २०२० मध्ये तीन-तीन महिने पगार थकले तेही यांचेच. त्यानंतर ऑक्टोबर २०२१ अखेर सुरू झालेला संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला, यात नवल ते काय?

त्या संपात काय मिळालं? ज्येष्ठतेनुसार मूळ पगारात २,५०० ते ५,००० रुपयांची वाढ. विलीनीकरण समितीने नाकारलं. उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर या म्हटलं, माणसं परतली.

त्यानंतर पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास आला, मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. निर्णय चांगलेच. स्टँडवर पुन्हा गर्दी दिसते, आयाबाया माहेरी जातात, बरं वाटतं. पण सवलत सरकारची असेल तर तिचे पैसे सरकारने वेळेवर द्यायचे. ते अडकले की महामंडळाकडे हात आखडायला जागा एकच उरते, कामगाराचा पगार.

मी तालुक्याचा बातमीदार, स्टँड हा माझा रोजचा अड्डा. माझं म्हणणं एवढंच. विलीनीकरण होवो न होवो, पगाराची तारीख सवलतीच्या थकबाकीला बांधू नका. सवलत जाहीर करताना सरकार एसटीला आपली म्हणतं. मग एक तारखेलाही म्हणावं.