नवरात्राचा जागर आणि स्त्रीचे अभय

आश्विन शुद्ध प्रतिपदेस भोपाळ नगरीतील मराठी घरांतूनही घटस्थापना होते. देव्हाऱ्यापाशी माती पसरून धान्य पेरले जाते, घटावर माळ चढते आणि अखंड नंदादीप तेवू लागतो. चौकाचौकांतील मांडवांत दुर्गेच्या मूर्ती विराजमान होतात व उत्सवाअंती तलावांच्या घाटांवर त्यांचे विसर्जन होते. मार्कंडेय पुराणांतर्गत देवीमाहात्म्यातील कथा भाविकजनांस परिचितच आहे. महिषासुराने पीडिलेले देव आपले गाऱ्हाणे घेऊन हरिहरांकडे गेले. ते ऐकताच सर्व देवांचे तेज एकवटून जगदंबा प्रकट झाली व प्रत्येकाने आपले आयुध तिला अर्पण केले. गाऱ्हाणे ऐकले गेले म्हणून शक्ती प्रकटली, हे या कथेचे मर्म होय. या कसोटीवर येथील इतिहास पाहणे उद्बोधक ठरेल.

भोपाळच्या मोठ्या तलावाच्या बांधावर राणी कमलापतीचा महाल आजही उभा आहे. गिन्नोरगडच्या गोंड राजाची ही राणी. पतीचा आप्तांकडूनच विषप्रयोगाने घात झाल्यावर तिने सरदार दोस्त मोहंमद खानाचे साहाय्य मागितले, असे सांगतात. पुढे रक्षकच भक्षक होऊ पाहतो असे दिसल्यावर, 1723 साली, तिने जलसमाधी घेतली, अशी लोकपरंपरा आहे. तपशिलांविषयी मतभेद असोत. परंतु दाद मागावयास द्वारच उरले नाही, ही व्यथा लोकस्मृतीने तीन शतके जपली आहे.

याच माळव्यात याच शतकात दुसरे चित्रही दिसते. भोपाळच्या उत्तरेस सिरोंज आहे. तेथील एका सावकाराच्या विधवेस, दत्तक घ्यावयाचा तर मोठी रक्कम भर, असा तगादा एका अंमलदाराने लावला. ती बाई थेट महेश्वरास गेली. 1767 ते 1795 पर्यंत राज्य करणाऱ्या पुण्यश्लोक अहिल्याबाईंनी तिचे म्हणणे ऐकून घेतले, दत्तविधान मान्य केले व त्या अंमलदारास दूर केले. ही हकीकत सर जॉन माल्कम यांनी नमूद केलेली आहे. अहिल्याबाईंची शिवभक्ती आपण गौरवितो. परंतु गाऱ्हाणे ऐकणे हीदेखील त्यांची पूजाच होती.

आता वर्तमानाकडे वळू. 31 ऑक्टोबर 2017 रोजी भोपाळच्या हबीबगंज रेल्वे स्थानकानजीक एका विद्यार्थिनीवर सामूहिक अत्याचार झाला. फिर्याद देण्यास गेलेल्या त्या मुलीस हद्दीच्या वादापायी एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात हिंडावे लागले. वास्तविक, अशी फिर्याद न नोंदविणाऱ्या अधिकाऱ्यास कारावासाची तरतूद 2013 सालीच झाली होती. कायदा होता, पण द्वार बंद होते. लोकक्षोभानंतर काही पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि डिसेंबर 2017 मध्ये चौघा अपराध्यांस जन्मठेप झाली. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, गुन्हा कोठेही घडो, कोणत्याही ठाण्यात फिर्याद देता येईल, असे स्पष्ट केले आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये त्याच स्थानकास राणी कमलापतीचे नाव देण्यात आले. जिला दाद मिळाली नाही तिचे नाव तेथे झळकते. तेथून जाणाऱ्या प्रत्येकास ते आपल्या कर्तव्याचे स्मरण देवो.

तथापि केवळ शासनाकडे बोट दाखवून आपली सुटका होणार नाही. हद्दीचा वाद घराच्या उंबरठ्यावरही होत असतो. भयभीत होऊन घरी आलेल्या मुलीस ‘तू तिकडे गेलीसच का?’ असा पहिला प्रश्न आपण करतो, तेव्हा तिचे पहिले ठाणे बंद झालेले असते. अष्टमीस कुमारिकेचे पाय धुऊन तिला देवी मानावयाचे आणि नवमीस तिचे बोलणे ऐकावयास कोणी नाही, ही पूजा जगदंबेस कशी पोचेल?

जागर म्हणजे केवळ रात्र जागविणे नव्हे. दीनाची हाक कानी पडावी एवढी जागृती म्हणजे जागर. देवीच्या एका हाती आयुध आहे, दुसरा हात अभय देतो. तो अभयहस्त आपल्या घरी, आपल्या वस्तीत प्रत्येक कन्येस लाभावा, अशी बुद्धी श्रीजगदंबा आपणा सर्वांस देवो, हीच तिच्या चरणी प्रार्थना.