मायक्रोफोनची परीक्षा

कांहीं यंत्रें अशीं असतात कीं, त्यांतील बिघाड वापरणारास सर्वांच्या मागून कळतो. मायक्रोफोन हें त्यांपैकींच एक. घड्याळ बंद पडलें तर थांबलेले कांटे दिसतात. परंतु मायक्रोफोन मुका झाला तरी बोलणाराचा आवाज त्याच्या स्वतःच्या कानीं पूर्ववत् पडत राहतो. दोष एका टोंकाला आणि त्याची जाणीव दुसर्‍या टोंकाला! म्हणून या यंत्राच्या इतिहासांत शोधाइतकेंच परीक्षेलाहि महत्त्व आहे.

पहिली यशस्वी परीक्षा १० मार्च १८७६ रोजीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं झाली. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल एका खोलींत होता व त्याचा सहकारी टॉमस वॉटसन शेजारच्या खोलींत. बेलच्या यंत्रांत एका पडद्याला तार जोडलेली असून तिचें टोंक आम्ल मिसळलेल्या पाण्यांत बुडविलेलें होतें. आवाजानें पडदा थरारला कीं तार खालीं-वर होई, आणि तींतून जाणारा विजेचा प्रवाह त्या मानानें कमी-अधिक होई. बेलनें वॉटसनला हांक मारली व वॉटसन आला, ही कथा सर्वश्रुत आहे. त्यानंतर काय झालें तें मात्र फारसें कोणी सांगत नाहीं.

केवळ वॉटसन आला एवढ्यावर बेलचें समाधान झालें नाहीं. आपण काय बोललों तें त्यानें वॉटसनकडून पुन्हां वदवून घेतलें. मग दोघांनीं जागा बदलल्या. वॉटसननें एका पुस्तकांतील कांहीं उतारे वाचले व बेल ऐकत राहिला. आवाज मोठा असला तरी अस्पष्ट व दबलेला होता. मधूनच एखादा शब्द स्वच्छ कळे, पण अर्थ लागेना. हा उतारा आधीं वाचलेला असता तर प्रत्येक शब्द ओळखतां आला असता, असा अभिप्राय बेलनें आपल्या टिपणवहींत लिहून ठेवला. या एका नोंदींत परीक्षेचें मर्म आलें आहे. जे शब्द अगोदरच ठाऊक असतात, ते यंत्रानें अर्धवट पोंचविले तरी मन पुरे करून घेतें. कान यंत्राची परीक्षा करूं जातो आणि नकळत त्याचा वकील होऊन बसतो!

पाण्याचें यंत्र घरोघर चालणारें नव्हतें. १८७७ मध्यें टॉमस एडिसननें काजळी दाबून केलेल्या लहानशा वडीचा उपयोग केला. घासलेटचे दिवे धुरकटवून ही काजळी जमविली जाई. पडद्याचा दाब वाढला कीं वडींतून प्रवाह अधिक वाहे. दाब ओसरला कीं कमी. पुढल्याच वर्षीं लंडन येथें डेव्हिड ह्यूज यानें दोन खिळ्यांवर तिसरा खिळा आडवा, सैल ठेवून तेंच तत्त्व दाखविलें आणि त्या साधनाला मायक्रोफोन हें नांव दिलें. हा शब्द चार्ल्स व्हीट्स्टन यानें १८२७ मध्यें निराळ्या अर्थानें योजिलेला होता. विजेच्या यंत्राला तो ह्यूजमुळें चिकटला. ह्यूजनें आपल्या शोधाचें पेटंट घेतलें नाहीं. त्याच १८७८ सालीं हेन्री हनिंग्ज या इंग्रज पाद्र्यानें वडीऐवजीं कोळशाचे सुटे कण घातले. त्यामुळें आवाज पुष्कळच मोठा झाला.

पण सुट्या कणांबरोबर एक नवा रोगहि आला. कांहीं काळानें कण खालीं बसत व एकमेकांना घट्ट चिकटत. वीज वाहतच राही, पण आवाजाबरोबर ती कमी-अधिक होईना; बोलणें क्षीण होई. उपाय सोपा होता. यंत्राला एक टिचकी मारावी किंवा तें हलवावें, म्हणजे कण सुटे होत. त्या काळीं मायक्रोफोनवर टकटक करणें हा खरोखरीचा औषधोपचार होता.

दूरध्वनीचा प्रसार झाल्यावर बेलच्या नोंदींतील प्रश्न पुन्हां उभा राहिला. अंदाजानें ओळखलेला शब्द आणि खरोखर ऐकूं आलेला शब्द यांत भेद कसा करावा? १९१० मध्यें जॉर्ज कॅम्बेल या अमेरिकन अभियंत्यानें सुटीं अक्षरें उच्चारून ऐकणाराच्या किती चुका होतात तें मोजलें. पुढें अर्थहीन अक्षरांच्या याद्या वाचून शेंकडा किती बरोबर लिहिलीं गेलीं, यावरून दूरध्वनीची स्पष्टता ठरविण्याची पद्धति रूढ झाली. अर्थाचा आधार काढून घेतला म्हणजे मन मदतीला येऊं शकत नाहीं व यंत्राची खरी योग्यता उघडी पडते.

नभोवाणीच्या युगांत अपेक्षा वाढल्या. मुंबईचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. गायन-वादनाला कोळशाच्या कणांची सततची खरखर मारक होती. एडवर्ड वेंट यानें १९१६ मध्यें दोन पत्र्यांच्या मधील, केंसाच्या जाडीहूनहि कमी, अंतराच्या फरकावर चालणारा मायक्रोफोन तयार केला होता. आवाज निर्मळ येई, परंतु दमट हवेंत त्यांत तडतड सुरू होई. १९३० नंतर चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्यें ॲल्युमिनियमची अत्यंत पातळ फीत टांगलेले मायक्रोफोन प्रचारांत आले. त्यांवर फुंकर मारली तर फीत ताणून कायमची बिघडे. कोळशाच्या यंत्राला जी टिचकी औषध होती, तिच्यासारखीच फुंकर या यंत्राला विष ठरली. तरीहि सभेंत व्यासपीठावर चढणारा मनुष्य आजहि आधीं टकटक करतो, मग फुंकर मारतो आणि शेवटीं एक-दोन-तीन म्हणतो. यंत्र चालू आहे एवढेंच त्यावरून कळतें. भाषण समजेल कीं नाहीं, याचें उत्तर त्यांत नाहीं. कारण एकानंतर दोन येणार हें सार्‍या सभेला ठाऊक असतें.

१९६२ मध्यें जेम्स वेस्ट व गेऱ्हार्ड सेस्लर यांनीं, विजेचा भार कायम धरून ठेवणार्‍या पातळ पडद्याचा मायक्रोफोन सिद्ध केला आणि हें साधन स्वस्त व लहान झालें. आजच्या मोबाइल फोनमध्यें तर सिलिकॉनवर कोरलेले, तांदळाच्या दाण्याएवढे मायक्रोफोन असतात, आणि बहुधा एकाहून अधिक. एक खालच्या कडेला, दुसरा वरच्या बाजूस. म्हणून साध्या बोलण्यांत आवाज नीट जातो, पण चित्रफितींत तो उमटत नाहीं, असा चमत्कारिक अनुभव येतो. अशा वेळीं दोष एकाच मायक्रोफोनचा असण्याचा संभव असतो.

यंत्र बदललें, तरी परीक्षेची रीत बोस्टनचीच राहिली आहे. प्रथम आवाज ध्वनिमुद्रित करून परत ऐकावा. हें बेलचें पुन्हां वदवून घेणें झालें. मुद्रण स्वच्छ असून केवळ एखाद्या ॲपमध्येंच आवाज जात नसेल, तर त्या ॲपला मायक्रोफोनची परवानगी आहे काय, किंवा बिनतारी कर्णयंत्र जोडलेलें राहून आवाज तिकडून तर घेतला जात नाहीं ना, हें पाहावें. मग जागा बदलाव्या: तोच मायक्रोफोन दुसर्‍या संगणकाला, अथवा दुसरा मायक्रोफोन याच संगणकाला जोडावा. एका वेळीं एकच गोष्ट बदलली म्हणजे दोष कोठें वसतो तें आपोआप निश्चित होतें. आवाज दबलेला असेल, तर फोनच्या कडेचें बारीक छिद्र धुळीनें किंवा वेष्टनानें बुजलेलें असतें. तें मऊ कोरड्या कुंचल्यानें झाडावें. त्यांत सुई मात्र खुपसूं नये, कारण आंतील पडदा फाटला तर त्याला उपाय नाहीं.

आणि शेवटीं, पलीकडच्या मनुष्यास त्यानें पूर्वीं न ऐकलेलीं चार वाक्यें वाचून दाखवावीं व तीं त्याच्याकडून परत म्हणवून घ्यावीं. बेलच्या टिपणवहीला दीडशें वर्षें होत आलीं, तरी याहून खात्रीची कसोटी घरच्या घरीं दुसरी सांपडत नाहीं.