जमीन माझी, पण बांधायचं नाही!

अमेरिकन कायद्यात मालकी म्हणजे हक्कांची मोळी. त्यातली बांधकामाची काडी काढून एखाद्या ट्रस्टला दिली, की जमीन विकली तरी नवा मालक तिथे इमारत उठवू शकत नाही. यालाच म्हणतात कॉन्झर्वेशन ईझमेंट. हे नाव रुळलं विल्यम व्हाइट यांच्या १९५९ च्या अहवालातून. १९७६ मध्ये करसवलत कायद्यात आली, १९८१ मध्ये राज्यांसाठी नमुना कायदा. मग काय, किमती फुगवून सवलत लाटणारेही आले. २०२२ मध्ये भागीदारी संस्थांना गुंतवणुकीच्या अडीच पटीची मर्यादा घालावी लागली.

खरी मेख वेगळीच आहे. सवलत हवी तर करार कायमचा हवा. म्हणजे आजोबांची सही पणतूचेही हात बांधते! पण काँक्रीट ओततानातरी पणतूला कोण विचारतं?